आईच्या दहाव्याला मी बोलले ते

भाषण कसं करावं हे मी लोकांना शिकवते. धाराशिवला माझा छोटासा वर्ग आहे. शिक्षक येतात, बँकेतली माणसं येतात, विमा विकणारे येतात, नव्यानं निवडून आलेल्या सरपंच बाया येतात. खुर्चीतून उठतानाच ज्यांचे पाय लटपटतात, त्यांना मी तीन महिन्यांत माईकसमोर नीट उभं करते. ही फुशारकी नाही. पुढं जे सांगायचंय त्यात माझीच नाचक्की आहे, म्हणून आधीच सांगून टाकते की मला यातलं कळतं. न कळणाऱ्या माणसानं तसं केलं असतं तर त्याला एक वेळ माफ होतं.

आमच्या भागात माणूस मेलं की भाषणं होतात. बाहेरच्या लोकांना सांगितलं तर त्यांना पटत नाही. सरणाला अग्नी दिला की भाषणं, तिसऱ्या दिवशी राख सावडली की भाषणं, आणि दहाव्याला तर बोलायलाच नको. दहाव्याला ओढ्याकाठी भाताचे पिंड मांडतात आणि कावळा शिवायची वाट बघत बसतात. कावळा शिवला की मंडळी उठतात, त्याच्या आधी कुणी उठायचं नाही. म्हणजे समोर दोन-तीनशे माणसं बसलेली, त्यांना जाता येत नाही, आणि माईक मोकळा. असली संधी कुठला पुढारी सोडेल? एकेक जण दिवसाला चार-चार दहावे करतो. मढं कुणाचं, गाव कुठलं, काही देणंघेणं नाही. गाडीतून उतरायचं, चप्पल काढायची, चेहरा पाडायचा आणि सुरू व्हायचं.

माझी आई परंड्याच्या अलीकडच्या गावात पिठाची गिरणी चालवायची. बाप गेला तेव्हा मी अकरावीला होते आणि दादा, माझा थोरला भाऊ, नुकता साखर कारखान्यावर लागला होता. मागं उरली ती गिरणी, माळावरची चार एकर, त्यात एक विहीर, आणि बांधाला बांध लागून तात्या, म्हणजे माझा सख्खा चुलता. गिरणीच्या आवाजावर आवाज काढून काढून आईचा गळा असा तयार झाला होता की ती घरात मीठ मागायची तरी शेजारी दचकायचे. तोंड तर विचारू नका. रांगेत घुसणाऱ्याचा डबा ती उचलून सरळ रस्त्यावर ठेवायची, मग तो सरपंचाच्या घरचा का असेना. "तुज्या बापानं बांदलीय का गिरनी, मुडद्या?" हे तिचं सगळ्यात मऊ वाक्य. मला तिनं प्रेमानं जवळ घेतल्याचं आठवत नाही. झाडूनं मारल्याचं मात्र चांगलं आठवतं.

बाप गेल्यावर दुसऱ्याच वर्षी तात्यानं बांध कोरायला सुरुवात केली. हे काम फार सावकाश चालतं. नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, बांधात घालायचा. यंदा एक, पुढच्या वर्षी आणखी एक. बांध हळूहळू जागचा हलतो, आणि मोजणीवाला येईपर्यंत ज्यांना खरी हद्द माहीत आहे ते म्हातारे वर गेलेले असतात. एका उन्हाळ्यात तर तात्यानं ट्रॅक्टर थेट आमच्या विहिरीच्या कडेला आणला. विहीर त्याला त्याच्या बाजूला घ्यायची होती.

कुणीतरी गिरणीवर येऊन आईला सांगितलं. तिनं बटण बंद केलं आणि कुणाची तरी ज्वारी अर्धीच दळलेली तशीच टाकून माळावर गेली. केसांना पीठ, पायात चप्पल नाही. ट्रॅक्टरच्या पुढ्यात ती मांडी घालून बसली. आणि तिथं बसून तिनं तात्याला जे झोडपलं, तसं मी पुन्हा आयुष्यात कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. मोठ्या भावाच्या, म्हणजे माझ्या बापाच्या, तेराव्याच्या आत त्यानं कुठल्या कागदावर अंगठा मागितला होता, कुणाच्या नावानं खोटी साक्ष दिली होती, स्वतःच्या आईला शेवटी कुणाच्या दारात टाकलं होतं, सगळं एकापाठोपाठ एक. आजूबाजूच्या रानातली माणसं कामं सोडून बांधावर येऊन उभी राहिली. दुपार झाली तरी ती थांबेना. शेवटी तात्यानं ट्रॅक्टर मागं घेतला. आई उठली, घरी येऊन तांब्याभर पाणी प्याली आणि उरलेली ज्वारी दळायला बसली.

त्या दिवशी ती गप्प बसली असती तर विहीर गेली असती, आणि विहिरीबरोबर माझं कॉलेज. मी आज चार लोकांत बोलते ते तिच्या त्या तोंडामुळं. हे अख्ख्या गावाला माहीत आहे आणि मला तर आहेच.

तिला बार्शीच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा आता थोडेच दिवस उरलेत हे सगळ्यांना कळलं होतं, तिलाही. एका सकाळी मी तिचे पाय दाबत होते, तेव्हा ती म्हणाली, "माज्या दहाव्याला तात्या म्होरं बसंल बग. टोपी घालून बसंल आन डोळं पुसंल. तवा तू उठायचं. त्यानं काय केलंय ते समद्यांच्या म्होरं सांगायचं."

मी हसले.

"हसू नगं. लोक तुला बोलायचं पैसं देत्यात म्हनं. माज्यासाटी येकदा फुकट बोल. तुजा दादा न्हाय बोलायचा, त्याला तात्याच्या पोरांत उठायबसायचं आसतंय. तू बोल."

"बोलेन गं आई."

"आन ग्वाड बोलू नगं."

"नाही बोलणार."

दहाव्याच्या दिवशी सकाळी ओढ्याकाठी पोचले तर पहिल्यांदा दिसला तो फ्लेक्स. आईच्या फोटोला कुणीतरी मोबाइलवर जांभळा शालू नेसवला होता आणि तोंड गोरं केलं होतं. खाली लिहिलेलं: शांत, संयमी, मितभाषी. मितभाषी! माझी आई! तिच्या फोटोच्या दुप्पट आकाराचे फोटो खाली भावपूर्ण श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे होते, त्यातल्या दोघातिघांना तिनं गिरणीच्या पायरीवरून हाकललेलं मी डोळ्यांनी बघितलंय. आणि मंडपात पहिल्या रांगेत, मधोमध, पांढरीशुभ्र टोपी घालून तात्या. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

दादा नुकताच डोकं भादरून आला होता. मी त्याला बाजूला घेतलं.

"दादा, तात्यांना पुढं कुणी बसवलं?"

"म्याच बसवलं. घरातलं वडीलधारं मानूस हाय. मागं बसवलं तर लोक काय म्हनतील?"

"आई काय म्हणाली होती माहीत आहे ना?"

"आई गेली. आमाला ऱ्हायचंय हितं." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "आन हे बग, तू काय बोलूबिलू नको. दहाव्याला बायका बोलत न्हायत."

ज्या बाईनं जन्मभर अख्ख्या गावाला सुनावलं, तिच्या दहाव्याला बायका बोलत नाहीत!  मी ठरवून टाकलं की बोलायचंच. पहिलं वाक्यही पाठ होतं: माझी आई तोंडाळ होती, आणि तिच्या तोंडामुळंच आम्ही जगलो. दुसऱ्या वाक्याला ट्रॅक्टर, तिसऱ्याला तात्या. पाच मिनिटांत खाली बसायचं. अशी बांधणी मी दुसऱ्यांना शेकडो वेळा करून दिलेली आहे.

पिंड मांडले. दादानं नमस्कार केला, सगळे मागं सरले आणि भाषणं सुरू झाली. सूत्रसंचालनाला शाळेतला एक मास्तर होता. एका हातात माईक, एका हातात मोबाइल, आणि दर दोन वक्त्यांच्या मधे मोबाइलातला एक शेर. मरणावरचा असला तर बरं, पण एक तर चक्क प्रेमभंगाचा होता. सोसायटीचे माजी चेअरमन उठले. "शब्द अपुरे आहेत," म्हणाले, आणि वीस मिनिटं त्या अपुऱ्या शब्दांनी आमचा जीव खाल्ला. त्यात आई दीड मिनिट असेल. बाकी त्यांच्या काळात झालेला डांबरी रस्ता. मग एक जण उठला, "मी काही वक्ता नाही," म्हणाला. अरे, मग बस ना खाली! माझ्या वर्गात या वाक्याला मी पहिल्याच दिवशी बंदी घालते. आपण नालायक आहोत हे आधी सांगून मग लोकांचा वेळ खायचा, ही कुठली रीत?

तेवढ्यात गाडी आली. चालू वक्त्याला वाक्याच्या मधे तोडून मास्तरानं पुढाऱ्याचं आगमन जाहीर केलं. पुढारी आला, फोटोला हार घातला, त्याचा कुणीतरी फोटो काढला, आणि माईक हातात घेऊन तो म्हणाला, "आप्पांच्या जाण्यानं तालुक्याची फार मोठी हानी झाली आहे."

मंडपातली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. माझ्या बापाला कुणी आप्पा म्हणत नव्हतं, आणि तो जाऊनही पंचवीसेक वर्षं झालीत. हा मागच्या गावातला दहावा याच्या तोंडात राहिला होता. मास्तर कानाशी लागला. पुढाऱ्यानं श्वाससुद्धा घेतला नाही. "अशा आप्पांच्या पाठीमागं खंबीरपणे उभ्या राहिलेल्या या माउली," म्हणून त्यानं फोटोकडं हात केला, आणि पुढं वाहत गेला. लाज म्हणून नाही हो! मागं बायकांत मी दात ओठ खात बसले होते.

मग तात्या उठला.

माईक धरला आणि काही वेळ बोललाच नाही. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "वैनी मला आईच्या जागी व्हती. भाऊ गेल्यावर तिनं घर बांदून ठेवलं. आमच्यात कदी शब्दाला शब्द झाला न्हाय." थांबला. टोपी काढली, डोळे पुसले, टोपी घातली. "आता म्या कुनाकडं बगू?" आणि बसला.

लोकांनी माना खाली घातल्या. कुणीतरी खोकलं. बांधावर उभं राहून ऐकलेली निम्मी माणसं त्याच मंडपात बसली होती. पण खरं सांगू? त्या सकाळचं सगळ्यात उत्तम भाषण ते होतं. नेमकं, लहान, थांबायच्या जागी थांबलेलं. माझ्या वर्गात असता तर मी त्याला पहिला नंबर दिला असता. याच गोष्टीचा मला जास्त राग आला.

आणि कावळा काही येईना. ओढ्याच्या पलीकडं बाभळीवर तीन-चार बसले होते, पण खाली उतरायचं नाव नाही. ऊन चढायला लागलं. मग सुरू झालं ते आमच्या लोकांचं नेहमीचं. मेलेल्याची इच्छा राहिली असेल म्हणून घरच्यांनी शब्द द्यायचा. दादा हात जोडून पिंडापुढं उभा राहिला. "आई, गिरनी बंद करत न्हाय." कावळे जागचे हलेनात. "आई, नातीचं शिक्शन पुरं करतो." नाही. "आई, तुळजापूरला जाऊन तुज्या नावानं वटी भरतो." कावळ्यांनी आमच्याकडं पाठ फिरवली. भाषणांना आणखी जोर चढला.

बायकांत कुजबूज चालली होती. तात्या म्होरं बसलाय, म्हनून. मोठ्यानं कुणी बोलेना. सगळ्यांना कळत होतं, तात्यालाही कळत असावं, कारण तो पुन्हा पुन्हा टोपी सारखी करत होता. अखेर शेजारची मावशी उठली. आईचं आणि तिचं तीस वर्षं सांडपाण्याच्या नाल्यावरून भांडण चाललं होतं. रोज सकाळी दोघी आपापल्या दारात उभ्या राहून एकमेकींचा उद्धार करायच्या आणि संध्याकाळी एका पाटीत शेंगा फोडायच्या. मावशी गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली आणि थेट मास्तराला म्हणाली, "आरं, लेकीला बोलू द्या की. म्हातारीचा जीव लेकीत आडाकलाय. ती बोलली की शिवंल."

दादानं माझ्याकडं असं बघितलं की मी जळून जावं. पण कावळ्याचा प्रश्न होता. कावळ्यापुढं दहाव्याचे नियम कुठले चालायला? मास्तरानं माईक माझ्याकडं पाठवला.

मी पुढं आले. माझं सगळं जागच्या जागी होतं. पाय घट्ट, श्वास खोल. माईक हनुवटीच्या खाली. मी कधी घाईनं सुरुवात करत नाही. आधी लोकांकडं बघून घ्यावं आणि त्यातला एक चेहरा निवडावा, त्या एका माणसाशी बोलतोय असं बोलावं, हे मी सगळ्यांना शिकवते. मी तिसऱ्या रांगेतली एक बाई निवडली.  आता ही बोलणार, हे प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पुढारीसुद्धा मोबाइल खिशात ठेवून बसला.

"माझी आई गिरणी चालवायची," मी म्हणाले. पाठ केलेलं वाक्य हे नव्हतं. म्हटलं, तोंडाळवर येते हळूच, आधी लोकांना जवळ घेऊ. "या मंडपात असं एक घर नाही की ज्या घरची भाकरी माझ्या आईच्या हाताखालून गेली नाही. तिचे केस म्हातारपणानं पांढरे झाले की पिठानं, हे आम्हाला कधी कळलंच नाही."

तिसऱ्या रांगेतल्या बाईनं पदर डोळ्याला लावला. तिच्या शेजारणीनं लावला. आणि मला ते जाणवलं. ज्यांनी माईकवर आयुष्य काढलंय त्यांनाच हे कळेल, लोक आपल्या हातात येतात तेव्हा अंगात एक गरमी चढते. मग आपण बोलत नाही, लोक आपल्याकडून बोलवून घेतात. मी आणखी एक वाक्य टाकलं, आवाज जरा खाली आणला. पुरुषही नाक ओढायला लागले. मग मी ट्रॅक्टरकडं वळले.

"एका उन्हाळ्यात ती अनवाणी माळावर गेली," मी म्हणाले. "विहिरीच्या कडेला, तापलेल्या ढेकळांत ती मांडी घालून बसली."

सगळ्या मंडपानं श्वास धरला. दादानं डोळे मिटले. तात्यानं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं.  म्हातारा झाला होता तो, गळ्याची कातडी लोंबत होती, आणि दोन-तीनशे माणसं आता माझ्याकडं बघत नव्हती, त्याच्याकडं बघत होती. पुढचं एकच वाक्य म्हणायचं होतं. तोंडात आलं होतं. मी थांबले. थांबा घ्यायची जागाच होती ती, तिथं मी नेहमी थांबते. आणि त्या थांब्यात मला स्पष्ट कळलं की हे वाक्य उच्चारलं की रडणारी माणसं रडायची थांबतील. बावचळतील. मग मंडपात बोलाचाली होईल, दादा उठून येईल, मास्तर माईक बंद करील, आणि मी सकाळच्या सगळ्या नगांतली आणखी एक ठरेन. इतकं छान चाललेलं भाषण माझ्या हातातून जाईल.

"असे किती उन्हाळे," मी म्हणाले, "तिनं आमच्यासाठी डोक्यावर घेतले."

मंडपाचा श्वास सुटला. बायका ओक्साबोक्शी रडायला लागल्या. मग मी काय थांबते? माउली म्हणाले. सोसलं म्हणाले. तिच्या तोंडून कधी तक्रार ऐकली नाही, असंही म्हणाले. देवाशपथ, हे मी म्हणाले! आणि शेवटी, कुणी मागितलं नव्हतं, कुणी गळ्याला सुरी लावली नव्हती, तरी तात्याकडं हात करून म्हणाले, "आणि या सगळ्यात घरच्या वडीलधाऱ्यांचा हात आमच्या पाठीवर होता."

तेव्हाच कावळा उतरला. मला समोर दिसत होतं. काळाभोर एक कावळा पिंडाजवळ आला, इकडं तिकडं बघितलं आणि भातात चोच घातली. कावळा शिवला की मंडळी ताबडतोब उठतात, पण त्या दिवशी एक माणूस उठलं नाही. सगळे माझ्याकडं बघत होते. माझं शेवटचं वाक्य पूर्ण झालं, मी हात जोडले, आणि मग कुठं कुणीतरी ओरडलं, "शिवला, शिवला!" मागून तर टाळ्या वाजल्या. दहाव्याला टाळ्या!

आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? सपाटून बरं वाटलं. दादा गळ्यात पडून रडला. तात्यानं डोक्यावर हात ठेवला, "पोरी, घरान्याचं नाव राकलंस," म्हणाला, आणि मी वाकून त्याच्या पाया पडले. पुढाऱ्यानं नंबर मागितला, त्याच्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला बोलायला याल का म्हणून. मी दिला. लोक जाता जाता म्हणत होते, लेक बोलली आणि म्हातारीचा आत्मा शांत झाला. कावळ्यानं साक्ष दिली म्हटल्यावर कोण कशाला शंका घेतोय?

मांडव रिकामा होत आला तेव्हा मावशी दिसली. ती अजून तिथंच सतरंजीवर बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तारीफ ऐकायला गेले होते, दुसरं काय!

"मावशी, तुम्ही बोललात म्हणून मला माईक मिळाला."

"व्हय," ती म्हणाली. "लई ग्वाड बोललीस. समदी रडली."

"तुम्ही नाही रडलात?"

"म्या कशाला रडू? म्या त्या बाईला वळकतच न्हाय." तिनं पिंडाकडं बघितलं. आता तिथं पाच-सहा कावळे भांडत होते. "तक्रार केली न्हाय म्हनं. सोसलं म्हनं. कोन गं व्हती ती? आमच्या आळीला तर आसली बाई कदी ऱ्हायली न्हाय."

"मावशी, पण कावळा…"

"कावळ्याला भुका लागल्या आसतील. भात बगून आला तो. त्याचं मला सांगू नगं." ती माझ्याकडं वळली. तिच्या डोळ्यात राग होता, आणि तो राग बघून मला जी लाज वाटली तशी आजपर्यंत कधी वाटली नव्हती. "दवाखान्यातनं आल्यावर म्हातारी रोज मला सांगायची, माजी लेक बोलनार हाय. रोज. म्या म्हनायची, न्हाय बोलायची गं, शिकलेली बाई हाय ती. तर माज्याशी भांडायची. खाटंवर उटून बसून भांडायची. तिला उटवत नव्हतं, तरी."

मग तिनं थेट विचारलं.

"तात्याच्या तोंडाकडं बगून भ्यालीस व्हय?"

तात्याला मी भ्याले नव्हते. म्हाताऱ्याला भिऊन गप्प बसले असते तर परवडलं असतं. माझं भाषण बिघडेल म्हणून मी आईला विकली. समोर दोन-तीनशे माणसं रडत होती आणि ती रडायची थांबू नयेत म्हणून.

हे मी मावशीला सांगितलं, अगदी असंच. ती ऐकत होती. त्या दिवशी मी खरं बोलले ते एवढंच, आणि ते ऐकायला एकटी ती होती.